पिंजू कुठं निजायचा

अमावास्येला तांबट आळीतले हातोडे बंद असत, आणि तरीही रंगनाथनानांच्या घरातली माणसं त्या दिवशी नेहमीइतक्याच मोठ्यानं बोलत. जन्मभर ठोक्यांच्या वर आवाज चढवायची सवय; ती एका दिवसापुरती कुठं काढून ठेवणार? त्यामुळे मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला चहा होतो न होतो तोच एका सशावरून जे भांडण जुंपलं, ते आळीच्या दोन्ही टोकांना अक्षरन् अक्षर ऐकू गेलं.

भांडण एवढंच, की पिंजूनं रात्री माजघरात निजायचं की परसात. पण या घरात एवढ्याशा गोष्टीला कुणी कधी एवढंसं राहू दिलंय? आमटीत गूळ किती घालायचा यावरून जिथं दोन तट पडत, तिथं हा तर जिवाचा प्रश्न. पिंजू आजारी होता. माजघरातल्या बाकाखाली गोणपाटावर अंगाचा गोळा करून पडून होता, आणि मुळ्याची कोवळी पानं नाकाशी धरली तरी तोंड फिरवत होता. त्याच्या शेजारी जमिनीवरच नानांची सून कमळा बसली होती. तिनंही सकाळपासून चहाखेरीज काही घेतलं नव्हतं.

खरी चिंता सशाची नव्हतीच. चिंता कमळेची होती, आणि ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असून कुणी तोंडानं म्हणत नव्हतं.

त्या श्रावणात गोदावरी अशी फुगली की रामकुंडाच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. गोदावरी म्हणजे इथली गंगाच, तिला पूर आला म्हटल्यावर नाशकात कुणाचा पाय घरात ठरतो? सगळी आळी बघायला धावली. कमळाही पाच महिन्यांच्या बाळाला पदराखाली घेऊन गेली. सासूबाई, सगुणाबाई, नको म्हणाल्या होत्या. दोन दिवसांनी बाळाला ताप भरला आणि त्याच आठवड्यात सगळं आटोपलं. दारातून त्याला नेलं तेव्हा सगुणाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "घरात ठेवला असता तर राहिला असता." एकदाच निघून गेलं. पुन्हा त्या तसं कधी बोलल्या नाहीत. पण एकदा ऐकलेलं कमळेला पुरलं. त्या दिवसापासून ती विचारलं तेवढं बोलायची, वाढलं तेवढं खायची आणि बाकी वेळ भिंतीकडे बघत बसायची.

मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिचा नवरा वाल्मीक देवळाली कॅम्पात एका साहेबाचं दुरुस्त केलेलं घंगाळ पोचवायला गेला. साहेबाचं बिऱ्हाड विलायतेला निघालेलं, व्हरांड्यात खोक्यांचा ढीग, आणि मडमेनं याच्या हातात पैशांबरोबर एक पांढरा ससाच ठेवला. नको म्हणायला इंग्रजी यायला हवं, ते याला येत नव्हतं. वाल्मीकनं टोपी काढली, सशाला तीत बसवलं आणि टांग्यानं तसाच घरी आला. उघडं डोकं म्हणजे कुणी तरी गेलं; तसा मुलगा आळीत शिरलेला बघून सगुणाबाईंच्या काळजात धस्स झालं. टोपीतून दोन लांब कान वर आले तेव्हा कुठं त्यांनी श्वास सोडला, आणि मग त्याला असं फैलावर घेतलं की यंव.

कमळेनं मात्र त्या टोपीत हात घातला. "पिंजलेला कापूस आहे नुसता," ती म्हणाली. कुणी न विचारता ती बोलली होती. त्या एका वाक्यासाठी वाल्मीकनं कॅम्पातले सगळे ससे घरी आणले असते.

तर असा हा पिंजू. त्याच्यापायी कमळा सकाळी उठून भाजीवालीशी हुज्जत घालू लागली, त्याच्यामागे परसात धावू लागली, एकदा तर हसली. आता तोच डोळे मिटून पडलेला. त्याचं काही बरंवाईट झालं तर सून पुन्हा त्या भिंतीकडे तोंड करून बसेल, आणि या वेळी उठवायला दुसरा ससा मिळायचा नाही, ही सगळ्यांच्या पोटात भीती. म्हणून तर एवढा आरडाओरडा चालला होता.

बाहेरच्या पक्षाच्या पुढारी होत्या भीमाबाई. नानांच्या थोरल्या बहीण, तरुणपणीच कपाळ पांढरं झाल्यावर भावाकडे आलेल्या, आणि तेव्हापासून या घराचं सोवळंओवळं एकट्यानं सांभाळणाऱ्या. त्यांचं म्हणणं, जनावराची जागा परसात. देवघरापासून चार हातांवर लेंड्या पडतात, घरच्या भांड्यांना तोंड लावतो, हे काय माणसाच्या घराचं लक्षण झालं? त्यांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं होतं की या सशाचं घरातल्या एकाही भांड्याला तोंड लागता कामा नये. मग नानांनीच त्याच्या पाण्यासाठी एक तांब्याचं वाडगं घडवलं. चार बोटं उंच, पण हातोडीच्या ठोक्यांचं मठारकाम असं सुरेख, की गिऱ्हाईक दुकानात ते उचलून किंमत विचारायचं आणि नाना अभिमानानं सांगायचे, ते आमच्या सशाचं आहे.

नानाही बाहेरच्याच पक्षात, पण त्यांचं कारण वेगळं. त्यांनी परसात पिंजूसाठी एक खुराडं बांधलं होतं आणि उरलेल्या पत्र्याचं त्याला तांब्याचं छप्पर घातलं होतं. नाशकातल्या कित्येक देवांना असलं छप्पर नाही. ते रिकामं पडलेलं त्यांना बघवत नव्हतं.

आतल्या पक्षात वाल्मीक आणि कमळा. वाल्मीकचं म्हणणं, परसाच्या भिंतीवर बद्रुद्दीन कल्हईवाल्याचा बोका टपून बसलेला असतो. बद्रुद्दीनचाचा कितीही म्हणोत की आमचा बोका गरीब आहे, दुधाशिवाय कशाला तोंड लावत नाही, पण दिवाळीनंतर त्याच बोक्यानं खुराड्याची जाळी उचकटली होती. आणि नाशकाची थंडी ती काय सांगावी. त्या तांब्याच्या छपराखाली रात्रभर ठेवलेलं पाणी पहाटे पिऊन बघा, दात वाजतील.

नाना म्हणाले, दात वाजले तर वाजले, शाबूत तरी राहतील. आत आणल्यापासून त्यानं काही खाल्लंय का?

हे मात्र खरं होतं. पिंजू परसात होता तोवर टुणटुणीत होता. बोक्याच्या भीतीनं आत आणला आणि हळूहळू खाणं सोडलं, पोट बिघडलं. घाबरून पुन्हा बाहेर ठेवला, तर आठवड्यात बरा. मग थंडी पडली म्हणून कमळेनं हट्टानं आत घेतला, आणि पुन्हा हे असं.

सगुणाबाई इतका वेळ कुठल्याच पक्षात नव्हत्या. मनातून त्या सुनेच्या बाजूच्या होत्या. थंडीत एवढ्याशा जिवाला बाहेर काढायचं त्यांच्या जिवावर येत होतं. पण समोर दिसत होतं ते नाकारायचं कसं? त्यांनी सुपातले तांदूळ बाजूला सारले आणि म्हणाल्या की बाहेरच ठेवू, बोक्यासाठी दुहेरी जाळी लावू, आणि थंडीसाठी घोंगडं टाकू.

"नका हो बाहेर काढू," कमळा म्हणाली. "बाहेर काढलं की संपलं."

"अगं, बाहेर होता तेव्हाच बरा होता ना? आत ठेवायला सांगितलं कुणी? तूच हट्टानं..."

सगुणाबाईंनी जीभ चावली. पण शब्द जायचा तो गेला होता. नानांनी मान खाली घातली. वाल्मीकनं आईकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली.

कमळा उठली. तिनं लुगडं झटकलं.

"बाहेर ठेवा," ती म्हणाली. "मी आत म्हटलं काय नि बाहेर म्हटलं काय, मी ठरवलं की असंच होतं." आणि ती मागच्या खोलीत निघून गेली.

सगुणाबाई पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. खडा कुठला आणि दाणा कुठला, त्यांना दिसेना. श्रावणापासून हेच चाललं होतं. सुनेला काही म्हणायला गेलं की ते एक वाक्य मध्ये येऊन उभं राहायचं. लाडू वळून दिले तरी ते वाक्य होतं, वेणी घालायला बोलावलं तरी ते होतं. त्यांना कमळा आवडायची. लग्नात उखाणा घेताना अडखळली आणि स्वतःच खुदकन हसली तेव्हापासून आवडायची. लेक नव्हती पोटी. ही आली तेव्हा त्यांनी आळीत पेढे वाटल्यासारखं तिचं कौतुक सांगितलं होतं. आणि त्याच तोंडानं आपण हे काय बोलून बसलो, आणि आज पुन्हा तेच बोलायला निघालो. या तोंडाला टाके घालावेत, असं त्यांना वाटलं.

वाल्मीक बायकोच्या मागे खोलीत गेला. त्याला पत्रा कसा वाकवायचा ते कळत होतं, माणसाशी काय बोलायचं ते कळत नव्हतं. तो दाराला टेकून उभा राहिला आणि म्हणाला की आई तसं म्हणाली नाही. कमळा म्हणाली, म्हणाल्या नाहीत, पण मी ऐकलं. मग त्यानं विचारलं की संध्याकाळी गंगेवर जायचं का दिवे बघायला, आणि विचारता विचारताच त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. श्रावणापासून ती गंगेच्या बाजूला फिरकली नव्हती. तो तिच्याजवळ बसला आणि तिच्या हातातली किल्ल्यांची दोरी सोडवून पुन्हा बांधत राहिला. तिनं ती बांधू दिली, हेच त्याला पुष्कळ वाटलं.

दुपारची जेवणं कशीबशी उरकली. संध्याकाळी ऊन उतरायच्या आत पिंजूला परसात हलवायचं ठरलं होतं, म्हणून कमळा त्याचं सामान आवरायला माजघरात आली. सामान ते काय, एक गोणपाट, वाल्मीकची जुनी टोपी आणि ते तांब्याचं वाडगं. वाडगं जागेवर नव्हतं. तिनं वाकून बाकाखाली हात घातला तर ते पार भिंतीशी सारलेलं. ओढून काढलं आणि मागच्या दाराच्या उजेडात धरलं.

आत पाणी नव्हतं. तळाशी भात होता, ताकात कालवलेला, रात्रभराचा आंबलेला. कडेला, जिथं ताक वाळलं होतं, तिथं हिरवट राप चढला होता. तिनं नाकाशी नेलं आणि तोंड आंबट-कडू झालं.

आता, बिनकल्हईच्या तांब्यात आंबट ठेवू नये, ते कळकतं, पोटात गेलं तर वांत्या होतात, हे तांबटाच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. नानांनी ते वाडगं पाण्यासाठी घडवलं होतं. पाण्याच्या तांब्याला कल्हई कोण करतं? मग यात ताकभात घातला कुणी? रात्री ताकभात खाणारं घरात एकच माणूस होतं. दिवसाकाठी एकदा जेवून रात्री मूठभर ताकभातावर राहणारं.

कमळा वाडगं पदराखाली घेऊन स्वयंपाकघरात गेली. भीमाबाई चुलीशी बसून वाती वळत होत्या. कमळेला आरडाओरड करायची नव्हती. ती शेजारी बसली आणि हळूच, म्हणजे या घराच्या मानानं हळूच, विचारलं, "आत्याबाई, पिंजूला रात्री भात कोण घालतं?"

भीमाबाईंचा हात थांबला. त्यांना वाटलं, चोरी पकडली गेली. सकाळी एवढं जनावर-जनावर करून आपण भाषण ठोकलं आणि आता सून हसणार. त्या तोऱ्यातच म्हणाल्या, "मी घालते. काय झालं त्यात? जेवायच्या आधी गोग्रास काढतोच ना आपण? रात्री गाय कुठली यायची दारात? म्हणून तो घास त्याला घालते. उष्टं नाही हो घातलं मी, आधी काढून ठेवते. आणि घरच्या भांड्यात नाही, त्याच्याच वाडग्यात घालते."

मग त्यांचा तोरा जरा उतरला. त्या म्हणाल्या की पहिल्या रात्री आत आणला तेव्हा तो बोक्याच्या भीतीनं थरथरत माझ्या अंथरुणाशी येऊन टेकला. पायाशी एवढं ऊबदार काही तरी, किती वर्षांनी. मग द्यावंसं वाटलं काही. परसात असला की नाही जमत, गुडघे पायऱ्या उतरू देत नाहीत. सकाळी कुणी उठायच्या आत वाडगं चिंचेनं घासून पाणी भरून ठेवत होते. आज गुडघा धरला होता म्हणून राहिलं.

"घास मूठभरच असतो," भीमाबाई म्हणाल्या. "मी काय जास्त घालते?"

कमळेनं वाडगं पुढं धरलं. भीमाबाईंना मोतीबिंदू, त्यांना राप काही दिसेना. तेव्हा कमळेनं त्यांचं बोट धरून कडेवरून फिरवलं आणि मग ते बोट त्यांच्या नाकाशी नेलं.

माणूस ताकभात घेऊन बसला की उठेपर्यंत संपवतो. ससा तसा नसतो. तो चार दाणे खातो, फिरून येतो, पुन्हा चार दाणे खातो, अशी रात्र काढतो. आणि भात तोवर तांब्यात कळकत बसतो. हे भीमाबाईंच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, आणि आलं तेव्हा त्यांना एकदम सगळंच कळलं. परसात बरा का होता, आत आजारी का पडत होता, सगळं.

कमळा म्हणत होती की आत्याबाई, कुणाला सांगायची गरज नाही, आपण दोघीच... पण भीमाबाईंनी तिला बोलू दिलं नाही. त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि तांबटाच्या घरचा तो खणखणीत आवाज लावून ओरडल्या, "रंगनाथा, मी घातलं रे विष त्याला. मी."

क्षणात सगळं घर स्वयंपाकघरात. वाल्मीक अनवाणी, नानांच्या हातात अर्धं लावलेलं पान, सगुणाबाईंच्या हाताला पीठ. विष म्हटल्यावर कुणाचंही व्हायचं तेच झालं. भीमाबाई रडत रडत सांगत होत्या, कमळा मध्येच त्यांची बाजू घेऊन सांगत होती, आणि दोघींचं एकमेकींत मिसळून कुणालाच काही कळेना. शेवटी नानांनी वाडगं हातात घेतलं. वास घेतला. नखानं कडेचा राप खरवडला. स्वतःच घडवलेलं भांडं ते असं बघत होते जसं दुसऱ्या कुणाचं असावं.

मग ते खाली बसले आणि बहिणीचा हात धरून तिलाही खाली बसवलं.

"भांडं माझं आणि भात तुझा, अक्का," नाना म्हणाले. "दोघांनी लाडच केले त्याचे. आणि सकाळपासून बसलोय आत का बाहेर, आत का बाहेर. अगं, आत-बाहेरचा काही संबंधच नव्हता."

पिंजू वाचला, ते इथंच सांगून टाकलेलं बरं, उगीच कुणाचा जीव टांगणीला नको. वाल्मीकनं त्याला मातीच्या परळात पाणी दिलं, ते तो प्यायला. दुसऱ्या दिवशी कोथिंबिरीचा एक देठ त्यानं सबंध खाल्ला. पुढं तो दिवसा नानांच्या तांब्याच्या छपराखाली आणि रात्री भीमाबाईंच्या पायांशी असा राहू लागला, आणि दोन्ही पक्षांनी आपणच जिंकलो असं आळीत सांगितलं. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी स्वयंपाकघरात त्याच्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही.

कारण नाना बोलले आणि कमळा जागच्या जागी उभी राहिली.

"संबंधच नव्हता?" तिनं विचारलं. ती नानांकडे बघत नव्हती. सगुणाबाईंकडे बघत होती.

सगुणाबाईंना कळलं ती कशाबद्दल विचारतेय. न कळल्यासारखं करता आलं असतं. सशाचंच बोलून वेळ मारून नेता आली असती, आणि त्यांच्या मनात ते क्षणभर आलंही. हाताचं पीठ त्या एका हातानं दुसऱ्या हातावरून काढत राहिल्या.

"नव्हता," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या पुराला जाण्याचा काही संबंध नव्हता. डॉक्टर ओट्यावर यांना सांगत होते ते मी दाराआडून ऐकलं. आळीत घरोघर तोच ताप होता. जी मुलं उंबऱ्याबाहेर पडली नव्हती, त्यांनाही होता."

वाल्मीकनं वडिलांकडे बघितलं. नानांनी वाडगं खाली ठेवलं. "मला वाटलं, तू तेव्हाच सांगितलंस तिला," ते बायकोला म्हणाले. "म्हटलं, बायकांचं बायका बोलतील."

"सांगणार होते. रोज सकाळी उठले की वाटायचं, आज सांगू." सगुणाबाईंचा आवाज पहिल्यांदाच या घरात न शोभेल इतका खाली आला. "पण कुणाचाच दोष नाही म्हटल्यावर मी रडायचं कुणाच्या नावानं गं? डॉक्टरांच्या? देवाच्या? तू जवळ होतीस, म्हणून तुझ्या नावानं रडले. आणि मग ते तुझ्या अंगाला चिकटलं, ते मला काढता येईना."

भीमाबाईंनी नाक पुसलं आणि तोंडाला पदर लावला. वाल्मीक बायकोकडे एक पाऊल गेला आणि थांबला; आपण मध्ये पडायची ही वेळ नाही एवढं त्याला या खेपेला कळलं.

कमळा रडली नाही. सगुणाबाईंना वाटत होतं ती आता बोलेल, चार शब्द सुनावेल, सुनावावेतच. त्या तयार होत्या. कमळेनं त्यांच्याकडे बघितलं. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला, आणि ती जे बोलली ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं.

"तो हसला होता, सासूबाई," ती म्हणाली. "पुरात. एवढं पाणी बघून मोठ्यानं हसला होता. मी कुणाला सांगितलंच नाही. कसं सांगणार?"

सगुणाबाई चुलीपुढच्या जमिनीवर तशाच बसल्या. बाळ त्यांनी हसताना बघितलंच नव्हतं असं नाही, पण मोठ्यानं हसलेलं नव्हतं बघितलं. त्याला तो वेळच मिळाला नव्हता, असंच त्या समजून होत्या. त्यांनी पीठ लागलेल्या हातानं सुनेचा हात धरून तिला खाली ओढलं, जवळ, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसवलं.

"कसा हसला?" त्या म्हणाल्या. "घरातून निघालीस तिथपासून सांग."

आणि कमळा सांगू लागली.